फाटकावरचे साडेपाच सेकंद

श्रोतेहो, नमस्कार.

इंग्लंडच्या प्रीमियर लीग या फुटबॉल स्पर्धेत 20 संघ असतात आणि प्रत्येक संघ हंगामात लीगचे 19 सामने आपल्या मैदानावर खेळतो. या सर्व सामन्यांसाठी एकच ठरलेली खुर्ची राखून देणारे तिकीट म्हणजे सीझन तिकीट. मोठ्या क्लबांमध्ये ते मिळण्यासाठी प्रतीक्षायादीत वर्षानुवर्षे थांबावे लागते, आणि एकदा हाती आले की माणसे ते सहसा सोडत नाहीत. दरवर्षी पैसे भरून त्याच रांगेतल्या त्याच खुर्चीवर येऊन बसतात. पूर्वी हे तिकीट छोट्या पुस्तिकेच्या रूपात असे आणि प्रत्येक सामन्याला फाटकावरचा माणूस तिच्यातील एक पावती फाडून घेई. पुढे चिप बसवलेले प्लास्टिकचे कार्ड आले. कोविडच्या साथीनंतर, जेव्हा हाताळणी टाळण्याला महत्त्व आले, तेव्हा अनेक क्लबांनी कार्डही बंद करून तिकीट मोबाइल फोनमध्ये आणले. लिव्हरपूलने हा बदल 2021-22 च्या हंगामात केला.

फोनमधले हे तिकीट दोन प्रकारचे असते. एक क्यूआर कोडचे, जे पडद्यावर दिसते आणि यंत्राने वाचले जाते. दुसरे एनएफसी तंत्रावर चालणारे, म्हणजे दुकानात फोन टेकवून पैसे देताना जे तंत्र वापरले जाते तेच. फोन वाचकयंत्राच्या काही सेंटीमीटर जवळ नेला की 13.56 मेगाहर्ट्झच्या लहरींवर दोन्हींमध्ये माहितीची देवाणघेवाण होते आणि फाटक उघडते. साध्या कोडचे छायाचित्र दहा जणांना पाठवता येते. एनएफसी पासाचा स्क्रीनशॉट काढून मात्र काहीच उपयोग होत नाही, कारण यंत्र चित्र वाचत नाही. बनावट तिकिटांना आळा बसावा म्हणून क्लबांचा कल या दुसऱ्या प्रकाराकडे आहे.

आता फाटकाकडे वळू, कारण या विषयाचा खरा गाभा तेथे आहे. ब्रिटनमध्ये क्रीडांगणांच्या सुरक्षिततेसाठी जी मार्गदर्शिका वापरली जाते, तिच्या हिशेबानुसार एका फिरत्या फाटकातून तासाला जास्तीत जास्त 660 माणसे आत जातात असे धरले जाते. म्हणजे प्रत्येक माणसाच्या वाट्याला सुमारे साडेपाच सेकंद येतात. एखाद्याने फाटकाशी आल्यावर खिशातून फोन काढला, कुलूप उघडले, अ‍ॅप शोधले आणि या सगळ्यात एकूण दहा सेकंद गेले, आणि मागच्या प्रत्येकाने तसेच केले, तर त्याच फाटकातून तासाला 360 माणसेच आत जातील. सामना सुरू होण्याची वेळ मात्र तीच राहते.

हा हिशेब कोरडा वाटला, तरी इंग्लंडमध्ये त्यामागे एक मोठे दुःख आहे. 15 एप्रिल 1989 रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर, लेपिंग्ज लेनच्या बाजूने उभ्याने सामना पाहणाऱ्या 10,100 प्रेक्षकांसाठी अवघी सात फाटके होती. आजच्या 660 च्या दराने या सात फाटकांतून सर्वांना आत घ्यायला दोन तासांहून अधिक वेळ लागला असता. बाहेर चेंगराचेंगरीची वेळ आली, म्हणून पोलिसांनी बाहेर पडण्याचे मोठे दार उघडले, लोंढा कठड्यांनी वेढलेल्या, आधीच भरलेल्या मधल्या भागांत शिरला आणि त्या दुर्घटनेत अखेर 97 माणसे दगावली. त्यानंतर या दुर्घटनेची चौकशी करणारे न्यायमूर्ती टेलर यांच्या अहवालामुळे वरच्या स्तरांतील मैदानांवर सर्वांना खुर्च्या देणे बंधनकारक झाले. म्हणून फाटकावर तिकीट किती लवकर वाचले जाते, याकडे मी केवळ सोयीचा प्रश्न म्हणून पाहू शकत नाही.

यंत्रणा कोलमडली तर काय होते, हे कतारमधील विश्वचषकात दिसले. 21 नोव्हेंबर 2022 रोजी इंग्लंड आणि इराण यांच्या सामन्याआधी अधिकृत अ‍ॅपमधील तिकिटे अनेकांच्या फोनवरून दिसेनाशी झाली आणि पैसे भरलेले प्रेक्षक बाहेर खोळंबले. दुसऱ्या टोकाचे उदाहरण लंडनच्या वेम्ब्ली मैदानाचे आहे. 2021 च्या जुलैमध्ये तेथे झालेल्या युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्याची तिकिटे मोबाइलवरच होती, तरीही सुमारे 2,000 माणसे तिकिटाविना आत घुसली. यंत्र तिकीट ओळखते. ते दाखवणाऱ्याच्या पाठीला चिकटून आत शिरणारा यंत्राला कळत नाही.

चाहत्यांनी हा बदल पचवला आहे, पण तो काही सवयी अंगी लावून. पास घरीच फोनच्या वॉलेटमध्ये उतरवून ठेवावा लागतो, कारण हजारो माणसे एका जागी जमली की मोबाइलचे जाळे मंदावते आणि ऐनवेळी अ‍ॅप उघडत नाही. एनएफसी पास एकदा फोनमध्ये उतरला की फाटकावर इंटरनेटची गरज पडत नाही. बॅटरी सांभाळावी लागते. फोनच्या कव्हरमध्ये बँकेचे कार्ड ठेवले असेल तर ते काढावे लागते, नाहीतर यंत्र गोंधळते. आणि पास आधीच पडद्यावर उघडून ठेवला नाही, तर कधीकधी फोन तिकिटाऐवजी पैसे देण्याचे कार्ड पुढे करतो, जे फाटकाला अर्थातच नको असते.

खरा बदल मात्र तिकीट दुसऱ्याला देण्याच्या बाबतीत झाला आहे. एखाद्या शनिवारी जाता आले नाही, तर पूर्वी भावाच्या किंवा मित्राच्या हातात कार्ड दिले की काम होत असे. आता तिकीट क्लबच्या प्रणालीतून पाठवावे लागते, घेणाऱ्याची नोंदणी लागते, आणि कोणत्या सामन्याला कोण आले याची नोंद क्लबकडे राहते. सवलतीच्या तिकिटासाठी अनेक मैदानांवर फाटकावर वेगळ्या रंगाचा दिवा लागतो, त्यामुळे मुलाच्या पासावर आलेला प्रौढ कर्मचाऱ्यांच्या लगेच लक्षात येतो. काळ्या बाजाराविरुद्ध हे शस्त्र प्रभावी आहे, यात शंका नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये फुटबॉलची तिकिटे परवानगीविना विकणे 1994 च्या कायद्यापासून गुन्हाच आहे. पण याच नोंदींच्या आधारे काही क्लब आता हंगामात किमान अमुक सामन्यांना हजेरी लावा, अन्यथा पुढच्या वर्षी तिकीट मिळणार नाही, असे नियम करू लागले आहेत. खुर्ची रिकामी राहू नये ही क्लबची अपेक्षा रास्त असली, तरी आजारपणामुळे किंवा रात्रपाळीमुळे न येऊ शकणाऱ्या जुन्या चाहत्याला तोच नियम सरसकट लावणे मला पटत नाही.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, ज्यांना तो वापरता येत नाही, आणि ज्या लहान मुलांना तो देणे पालकांना योग्य वाटत नाही, त्यांच्यासाठी अनेक क्लब अर्ज केल्यावर अजूनही कार्ड किंवा कागदी तिकीट देतात. मात्र हा अर्ज करण्याची सूचना बहुधा संकेतस्थळावर असते आणि ज्याच्यासाठी ती असते, तोच चाहता तिथे क्वचित जातो. नूतनीकरणाच्या पत्रासोबत याचा छापील अर्ज पाठवला, तर क्लबला खर्च फारसा येणार नाही.