पाय काढून ठेवलेली मूर्ती

नमस्कार श्रोतेहो. 1975 सालचा ऑगस्ट महिना. जपानच्या उत्तरेला, होक्काइडो बेटावर, एक बाई आपल्या शेतात बटाटे काढत होती. बटाट्यांबरोबर वर आली मातीची मूर्ती! आतून पोकळ, 41.5 सेंटिमीटर उंच, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची. दोन्ही हात मात्र नाहीत.

ही जोमोन लोकांची मूर्ती. शिकार, मासेमारी आणि रानातली फळं-कंदमुळं यांवर जगणारी ही माणसं. लिपी नव्हती, त्यामुळे त्यांच्या देवधर्माबद्दल विचारायचं ते मातीलाच. अशा मूर्तींना जपानीत ‘दोगू’ म्हणतात. बहुतेक बायकांच्या, आणि बहुतेक मोडलेल्या.

यामानाशी प्रांतात शाकादो इथे महामार्गाच्या कामाआधी उत्खनन झालं, तेव्हा दोगूंचे 1,116 तुकडे निघाले. एकही मूर्ती अखंड नाही. आओमोरीजवळच्या सान्नाई मारुयामा इथे एका मोठ्या दोगूचं डोकं एकीकडे आणि धड तिथून सुमारे 90 मीटरवर सापडलं. जोडून पाहिलं तर नेमकं बसलं.

मग या मुद्दाम मोडत असतील का? दुखणारा अवयव मूर्तीचा मोडायचा, म्हणजे आपला बरा होईल, असा एक तर्क आहे. शाकादोच्या मूर्ती मातीचे वेगवेगळे गोळे जोडून केलेल्या, म्हणजे मोडण्यासाठीच घडवलेल्या, असंही काही अभ्यासक म्हणतात. मला हे घाईचं वाटतं. सांधा कच्चा असला की मूर्ती तिथेच तुटणार. आपल्या माठाचा कान आधी निखळतो, त्यात कसला आलाय विधी!

पण नागानो प्रांतातल्या नाकाप्पाराची मूर्ती पाहिली की माझा हा हट्ट ढिला पडतो. 2000 साली सापडलेली, 34 सेंटिमीटर उंच, चेहऱ्यावर त्रिकोणी मुखवटा. खड्ड्यात आडवी, अलगद निजवलेली. उजवा पाय तेवढा धडापासून सुटलेला, आणि तो मुद्दाम काढला असावा, असं अभ्यासकांचं मत आहे. त्याच भागातल्या थडग्यांमध्ये वाडगे मिळाले. मृताच्या चेहऱ्यावर ते उपडे घालत असावेत.

म्हणजे बघा, मूर्तीच्या तोंडावर मुखवटा, माणसाच्या तोंडावर वाडगा. आणि दोघांचीही जागा जमिनीखाली, शेजारी शेजारी.