इंजिन बंद, चाकं चालू

सेल्फ मारला की नुसतं ‘टक्’ होतं, चार जण गाडीमागे लागतात आणि त्यातला एक हमखास ओरडतो, “दुसरा टाक, दुसरा!” त्याचं बरोबर असतं. पहिल्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनला साधारण चौदा फेरे मारावे लागतात, दुसऱ्यात सात-आठ. म्हणून पहिल्यात क्लच सोडला की चाकंच अडतात आणि ढकलणाऱ्यांची छाती डिकीवर आपटते. किल्ली ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबलेला. गाडीनं धावत्या माणसाचा वेग घेतला की क्लच झटकन सोडायचा आणि इंजिननं पकडलं की लगेच पुन्हा दाबायचा.

हा झटका चाकांकडून उलटा येतो. डिफरन्शियल, गिअर, क्लचप्लेट असं करत तो इंजिनमधल्या व्हॉल्व्हची वेळ सांभाळणाऱ्या टायमिंग बेल्टपर्यंत जातो आणि बेल्ट झिजलेला असेल तर दात सुटू शकतो. शिवाय प्रत्येक फसलेल्या धक्क्यात न जळालेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन बसतं. दोन-तीनदा करून बघा, पुढे हट्ट नको. बॅटरी पार मेलेली असेल, डॅशबोर्डवर दिवाही लागत नसेल, तर इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलपंपच फिरत नाही. मग कितीही ढकला.

आता ऑटोमॅटिक. तिला धक्का मारणाऱ्यांची मला खरंच दया येते. त्या गिअरबॉक्समधले क्लच तेलाच्या दाबानं पकडतात आणि तो दाब देणारा पंप फिरवतं इंजिन. इंजिन बंद म्हणजे दाब नाही, पकड नाही, चाकांचं फिरणं इंजिनपर्यंत पोचतच नाही. पूर्वी काही गाड्यांत चाकांच्या बाजूनं फिरणारा दुसरा पंप असे, त्या धक्क्यानं चालू होत. पुढे तो पंप काढून टाकला.

टोचन लावतानाही घात होतो तो इंजिननं फिरणाऱ्या पंपामुळेच. “न्यूट्रल आहे ना, मग काय होतंय?” न्यूट्रलमध्ये इंजिन सुटतं, पण चाकांना जोडलेला शाफ्ट आत फिरतच राहतो, तोही तेलाविना. बुश तापतात, गिअर खरवडतात, आणि कळतं ते गॅरेजमध्ये पोचल्यावर. मॅन्युअलवाल्यांनीही अगदी निर्धास्त राहू नये. इंजिन मागची चाकं फिरवतं अशा बऱ्याच गाड्यांत तेल उडवण्याचं काम खालचा काउंटरशाफ्ट करतो आणि इंजिन बंद असताना तो उभा असतो. लांब न्यायची असेल तर गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट सोडवून घ्या.

एरवी, जी चाकं इंजिन फिरवतं ती उचलायची. चारही फिरत असतील तर गाडी सरळ फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट पाठीच्या ट्रकवर. इलेक्ट्रिकही तशीच, कारण चाकं फिरली की मोटर वीज तयार करायला लागते. किती अंतर, किती वेग, हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. क्रेनवाल्याच्या अंदाजापेक्षा ते बघा.

मागच्या गाडीत स्टिअरिंगवर जाणता माणूस बसवा. किल्ली ऑन ठेवा, नाहीतर वळणावर स्टिअरिंग लॉक होईल. इंजिन बंद असताना दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा होतो, तेव्हा पाय आधीपासून तयार हवा. दोर ताणलेला ठेवायचं काम त्याचंच. सैल पडून पुन्हा खेचला गेला की तो झटका हुकवर येतो. आणि बंपरमध्ये फिरवून बसवायच्या त्या हुकाला बऱ्याच गाड्यांत उलटे आटे असतात. बसत नाही म्हणून पान्यानं जोर लावण्याआधी डावीकडे फिरवून बघा.