मैदानातलं इंग्रजी आणि पुस्तकातलं इंग्रजी

अमेरिकेतल्या सरकारी शाळेत मुलाचं नाव घालताना कागदांच्या गठ्ठ्यात एक छोटी प्रश्नावली असते. घरी कोणती भाषा बोलता? मूल पहिल्यांदा कोणत्या भाषेत बोलायला लागलं? तिथे ‘मराठी’ लिहायला आपल्यातले काही पालक कचरतात. मुलावर शिक्का बसेल, या भीतीने ‘इंग्रजी’ लिहून मोकळे होतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे, खरं ते लिहा. त्या उत्तरावरूनच मुलाच्या इंग्रजीची चाचणी घ्यायची की नाही हे ठरतं, आणि गरज दिसली तर मदत सुरू होते. ही मदत म्हणजे शाळेची मेहेरबानी नव्हे. तो हक्क आहे, आणि लोकांनी तो भांडून मिळवलेला आहे.

सॅन फ्रान्सिस्कोत चिनी घरांतली सुमारे १,८०० मुलं इंग्रजी न कळताच वर्गात बसत होती. त्यांना भाषेची वेगळी शिकवणी नव्हती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७४ साली ‘लाउ विरुद्ध निकोल्स’ खटल्यात निकाल मुलांच्या बाजूने लागला. सगळ्यांना सारखीच पुस्तकं आणि तेच शिक्षक दिले, म्हणजे समान वागणूक दिली असं होत नाही, असं न्यायालयाने बजावलं. पुढे १९८१ मध्ये ‘कास्तान्येदा विरुद्ध पिकार्ड’ खटल्यात अपील न्यायालयाने अशा भाषा-मदतीसाठी निकष घालून दिले: कार्यक्रमाला शास्त्रीय आधार हवा, तो राबवायला शिक्षक आणि साधनं हवीत, आणि मुलं खरंच शिकतात का हे तपासायला हवं. मला यातला तिसरा निकष सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण पहिले दोन कागदावर दाखवता येतात.

आता जिथे सगळ्यांचीच फसगत होते तिकडे वळू या. मूल वर्ष-दोन वर्षांत मैदानावर फाडफाड इंग्रजी बोलू लागतं. आईवडील निर्धास्त होतात, कधी कधी शिक्षकही. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७० च्या दशकाअखेरीस हा फरक नेमका मांडला. रोजच्या बोलण्याची भाषा साधारण दोन वर्षांत येते, पण अभ्यासाच्या भाषेत बरोबरीच्या मुलांना गाठायला पाच ते सात वर्षं लागू शकतात. मैदानावर समोरच्याचे हावभाव असतात, हातवारे असतात, चेंडू डोळ्यांसमोर असतो. विज्ञानाच्या धड्यात यातलं काहीच नसतं. तिथे ‘फोटोसिंथेसिस’सारखा जड शब्द शिक्षक आवर्जून समजावतात, पण ‘ऑलदो’, ‘अनलेस’, ‘देअरफोर’ यांकडे कोणी थांबत नाही. वाक्याचा अर्थ तर त्यांच्यावरच फिरतो! मग चौथी-पाचवीत गुण घसरतात आणि मूल आळशी ठरतं, किंवा गणितात कच्चं. खरं तर त्याला बेरीज-वजाबाकी येत असते, प्रश्न वाचताना ते अडलेलं असतं.

म्हणून धडा सोपा करून पातळ करणं हा उपाय नव्हे. धडा तोच ठेवायचा, आधार वाढवायचा. लिहायला बसवण्याआधी जोडीत बोलू द्यावं, चित्र-आकृती द्यावी, उत्तराची सुरुवात फळ्यावर लिहून द्यावी. इंग्रजीच्या तासासाठी मुलाला विज्ञानाच्या तासातून उठवून नेणं मला मुळीच पटत नाही; एक खड्डा बुजवायला दुसरा खणण्यासारखंच आहे ते. आणि नवं मूल काही महिने गप्प राहिलं, तर त्याला बोलण्यासाठी छळू नये. ते ऐकत असतं, साठवत असतं.

घरी काय करायचं? मराठी सोडू नका. मोडक्यातोडक्या इंग्रजीत मुलाशी दोन वाक्यं बोलण्यापेक्षा मराठीत तासभर गप्पा मारा, गोष्ट वाचा, ‘असं का झालं असेल?’ म्हणून विचारा. कारण सांगणं, तुलना करणं एका भाषेत जमलं की दुसरीत ते नव्याने शिकावं लागत नाही, फक्त शब्द शोधावे लागतात.

शाळेत भेटायला जाल तेव्हा दर वर्षीच्या भाषा-चाचणीचा निकाल मागून घ्या. बोलणं, ऐकणं, वाचणं, लिहिणं यांचे गुण वेगवेगळे पाहा. बहुतेकदा लिहिणंच मागे असतं. तुम्हाला इंग्रजी अवघड जात असेल तर दुभाष्या मागा, मुलालाच दुभाष्या करू नका. आणि मदत बंद करायची असं शाळा म्हणाली, तर कशाच्या आधारावर, आणि त्यानंतर त्याच्या प्रगतीवर लक्ष कोण ठेवणार, हे तिथेच विचारून घ्या.