फटी नसलेले घर

सिडनीच्या पश्चिमेला ब्लू माउंटन्समध्ये गावे डोंगराच्या सोंडांवर वसली आहेत आणि त्यांच्या दोन्ही अंगांना निलगिरीच्या रानाने भरलेल्या दऱ्या आहेत. वणवा चढावर अधिक जोराने धावतो. चढ 10 अंशांनी वाढला की त्याचा वेग साधारण दुप्पट होतो, असा तेथील अग्निशामकांचा ढोबळ हिशेब आहे. त्यामुळे या चित्रफितीत दिसणारे, दरीच्या तोंडावरचे हे छोटे घर मुळातच चुकीच्या जागी आहे, असे कोणी म्हटले तर ते खोडून काढणे कठीण आहे.

वरून दिसणारे छप्पर नीट पाहावे. ते पन्हळी पत्र्याचे, एकाच बाजूला उतरणारे आहे. दोन उतार मिळतात तिथे जी खोबण तयार होते, ती या छपराला नाही. कारण अशा खोबणीतच पाने साचतात आणि ठिणग्यांना नेमकी तीच हवी असतात. वणव्यात बरीचशी घरे ज्वाळा थेट भिडल्याने पेटत नाहीत, तर वाऱ्याने उडत आलेल्या, सालींच्या जळत्या तुकड्यांनी पेटतात. कधी कधी तर वणवा पुढे निघून गेल्यानंतर.

आपल्याकडे वळचणीला चिमण्या घरटी करतात. या घराची वळचण खालून फायबर सिमेंटच्या फळ्यांनी बंद केली आहे आणि हवेसाठी ठेवलेल्या झरोक्यांना पोलादी जाळी आहे. जाळीचे भोक जास्तीत जास्त 2 मिलिमीटर असावे, असे वणवाप्रवण भागातील बांधकामाचे ऑस्ट्रेलियन मानक ‘एएस 3959’ सांगते. म्हणजे ज्वारीचा दाणाही तिच्यात अडेल. दाराच्या उंबऱ्याशी बसवलेली रबरी पट्टी हाताने दाबून पाहिली जात आहे. ठिणगी अडवणारी ही पट्टी हिवाळ्यात घरातली ऊबही बाहेर जाऊ देत नाही, आणि सुमारे 1000 मीटर उंचीवरच्या कटूम्बासारख्या गावात हिवाळ्याच्या रात्री पारा गोठणबिंदूच्या आसपास उतरतो. आगीसाठी एक खर्च आणि विजेच्या बिलासाठी दुसरा, असा हिशेब मांडणाऱ्यांनी ही पट्टी अवश्य पाहावी.

खरी अडचण काचेची होती. दक्षिण गोलार्धात ऊन उत्तरेकडून येते, म्हणून मोठ्या खिडक्या उत्तरेला हव्यात. हिवाळ्यातले तिरपे ऊन त्यांतून आत येऊन काँक्रीटच्या उघड्या जमिनीवर पडते, जमीन तापते आणि रात्रभर ती ऊब सोडत राहते. मात्र वणव्याच्या दिवसांत कोरडा, तापलेला वारा बहुधा पश्चिमेकडून किंवा वायव्येकडूनच वाहतो. म्हणून पश्चिमेची भिंत जवळजवळ आंधळी ठेवली, ज्यामुळे उन्हाळ्यातली दुपारची तिरीपही आपोआप टळली. उत्तरेच्या खिडक्यांना दुहेरी टफन्ड काच आणि वरून खाली येणाऱ्या धातूच्या झडपा बसवल्या. घर खांबांवर न उचलता थेट जमिनीवर टेकवले आहे. ऑस्ट्रेलियन वास्तुकलेला अधांतरी, हलक्या घरांचा मोह आहे, पण घराखालची पोकळी म्हणजे पाचोळ्याला मोकळे रान.

हे सारे परवडले ते घर लहान असल्यामुळे. ऑस्ट्रेलियातील नवी घरे आकाराने जगातल्या सर्वांत मोठ्या घरांत गणली जातात. तेवढ्या घराला अशा काचा, अशा झडपा लावायच्या तर खर्चाचे आकडे कुठल्या कुठे जातील. कोपरे कमी, भिंती कमी, म्हणून राखण करायच्या जागाही कमी. अंगणातली पोलादी टाकी मात्र आखडती घेतलेली नाही, कारण आगीसाठीचे पाणी वेगळे राखून ठेवावे लागते आणि बंबाची नळी जोडण्याची सोय टाकीलाच लागते.

ऑक्टोबर 2013 मध्ये याच डोंगररांगेत सुमारे 200 घरे जळाली. 2019–20 च्या उन्हाळ्यात देशभरात 33 माणसे आणि 3000 हून अधिक घरे गेली.

रस्त्याकडेच्या अग्निधोक्याच्या फलकावरचा काटा सर्वांत वरच्या पातळीवर गेला की या घरातल्यांनीही घर सोडून निघून जायचे असते. मानक घर वाचण्याची हमी देत नाही. आता खाली येताना दिसत आहेत त्या झडपा आमच्या विनंतीवरून, चित्रीकरणासाठी उतरवल्या होत्या. त्या सकाळी काटा सर्वांत खालच्या खणात होता.