पाण्याखालचा ओढा शोधताना

श्रोतेहो, नमस्कार. उजनीच्या अफाट पाण्यावर गळ घेऊन बसणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो जागेचा, आणि त्याचे उत्तर धरण होण्यापूर्वीच्या जमिनीच्या नकाशात आहे, असे माझे ठाम मत आहे.

धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याआधीच्या स्थलनिर्देशक नकाशांवर भीमेचे मूळ पात्र आणि तिला मिळणारे ओढे रेखलेले दिसतात. समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या समोच्च रेषा दाट असतील तिथे उतार तीव्र, विरळ असतील तिथे सपाटी. पुन्हा सांगतो: रेषा दाट, तर उतार, रेषा विरळ, तर सपाटी. मासा उथळात चरतो, खोलात आसरा घेतो. म्हणून आपण या दोहोंमधली कड शोधायची.

करमाळा तालुक्याच्या काठावर एका वृद्ध मच्छीमार मामांच्या होडीत मी असा नकाशा पसरला. मामांनी एका निळ्या रेघेवरून सावकाश बोट फिरवले आणि ते म्हणाले, "ह्यो आमच्या मळ्याकडंचा वढा. हितं वळणाला दरड हुती बघा." मग समोरच्या टेकडीचा माथा आणि काठावरचे एक देऊळ यांचा मेळ घालत त्यांनी होडी वल्हवत नेली. दोरीला दगड बांधून सोडला, तो दोन परसांवर, म्हणजे साधारण दोन पुरुष खोलीवर, टेकला. चार वल्ही पुढे गेल्यावर तोच दगड पुन्हा सोडला, तेव्हा दोरी त्यांच्या हातातून सरसरत पाच परस खाली गेली. "घावली दरड," मामा म्हणाले. गांडूळ लावलेला गळ त्या कडेला तळाशी सोडला आणि थोड्याच वेळात हातभर लांबीची वाम, म्हणजे सापासारखी लांबट मासळी, वर आली. नकाशाने ओढा दाखवला, दोरीने दरड दाखवली. एकाशिवाय दुसरे अपुरे आहे.

त्याच काठावर लहान आसाच्या, म्हणजे बारीक छिद्रांच्या, जाळ्यांत बोटाएवढी पिल्ले ओढलेली मी पाहिली. अशा जाळ्यांवरची बंदी कडकपणे पाळली गेलीच पाहिजे, कारण मासाच उरला नाही तर चांगली जागा ठाऊक असून उपयोग काय?

उजनीच्या सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) साठ्यापैकी ६३ टीएमसीहून अधिक मृत साठा, म्हणजे नेहमीच्या वापराबाहेरचे तळाचे पाणी, आहे. त्यामुळे धरण वजा पातळीत, म्हणजे या मृत साठ्याच्या पातळीखाली, गेले तरी मूळ पात्रात पाणी राहते, मात्र काठालगतचे ओढे उघडे पडतात. त्या दिवसांत दरडी पायी फिरून पाहाव्यात, मोबाईलवर ठिकाणाची खूण करावी आणि पावसाळ्यानंतर पाणी चढले की सकाळ-संध्याकाळ कडेच्या उथळ बाजूला, भर दुपारी खोल बाजूला गळ सोडावा.