नशिबाच्या आधीचा प्रश्न

श्रोतेहो, नमस्कार.

सोसायटीच्या जिन्यात लादी पुसली, ओली आहे हे कोणी सांगितलं नाही, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या आजी घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. घरचे म्हणतात, 'नशिबात होतं.' शिवाजीनगर कोर्टात वकिली करताना हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय, आणि दर वेळी वाईट वाटतं. नशिबाच्या आधी एक प्रश्न विचारायचा असतो: काळजी घेणं कोणाचं काम होतं?

हा प्रश्न विचारणारा कायदा म्हणजे अपकृत्य कायदा, टॉर्ट. मारहाण, डांबून ठेवणं, बदनामी, निष्काळजीपणा, सगळं त्यात येतं. फौजदारी खटल्यात शिक्षा होते, इथे भरपाई मिळते. निष्काळजीपणाच्या दाव्यात तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. काळजी घेणं त्याचं कर्तव्य होतं, त्यात त्याने हयगय केली, आणि त्या हयगयीमुळेच इजा झाली. पुन्हा सांगते: कर्तव्य, हयगय, इजा. तिन्ही हवीत.

कर्तव्य कोणाबद्दल? 1932 साली ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयात, न्यायाधीश लॉर्ड ॲटकिन यांनी सांगितलं, शेजाऱ्याबद्दल. आपला शेजारधर्मच म्हणा ना! फक्त इथला शेजारी भिंतीपलीकडचाच असेल असं नाही. आपल्या वागण्याची झळ ज्याला बसेल हे आधी दिसायला हवं, तो प्रत्येक जण शेजारी. म्हणून पदपथावर दुचाकी घालणाऱ्याचीही तिथून चालणारी म्हातारी माणसं शेजारीच. पुण्यात हेल्मेटवर जेवढा वाद झाला, त्याच्या निम्मा तरी पदपथांवर व्हायला हवा होता. असो.

आता मला सांगायचीच आहे ती हकिकत. ही आपल्या पुण्यातली.

6 मे 1953. रत्नागिरी जिल्ह्यातलं पालशेत गाव, संध्याकाळची वेळ. समुद्रकिनाऱ्यावर विशीतल्या एका मुलाला अपघात झाला आणि डाव्या मांडीचं हाड मोडलं. घर दीड मैलावर. खाट आणली, तिच्यावरून त्याला घरी नेलं. गावच्या डॉक्टरांनी पाय हलू नये म्हणून लाकडी फळ्या बांधल्या. पुढे दोनेक दिवसांनी फळ्या काढून नीट स्प्लिंट, म्हणजे आधाराच्या पट्ट्या, लावले आणि रात्री एकच्या सुमाराला टॅक्सी निघाली. आत आडवा ठेवलेला मुलगा, त्याची आई आणि ते डॉक्टर. सुमारे 200 मैल. 9 मेला सकाळी साडेअकराला गाडी पुण्यात पोचली. वडील दौंडहून आधीच आले होते. तेही डॉक्टरच.

दुपारी सव्वादोनला मुलगा एका खासगी रुग्णालयात दाखल झाला. मॉर्फिया या वेदनाशामकाचं एक इंजेक्शन दिलं, एक्स-रे काढले, वरच्या मजल्यावर ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं. तासाभराने, साडेपाचला, प्लॅस्टरमध्ये बाहेर आणलं. सातपर्यंत गुंगी उतरेल असं सांगितल्यावर वडील दौंडला परत गेले. आई खोलीत थांबली. साडेसहाला तिच्या लक्षात आलं, मुलाला खोकला येतोय, श्वास नीट घेता येत नाहीये. धावपळ झाली, उपचार झाले. रात्री नऊला मुलगा गेला.

रुग्णाजवळ बसलेल्या बाईचं म्हणणं आधी ऐकावं, हे माझं ठाम मत आहे. तिला वैद्यक कळत नसेल, माणूस कळतो.

आईवडिलांनी त्या रुग्णालयाच्या डॉक्टरांवर दावा लावला. डॉक्टरांचं म्हणणं होतं, मी हाड बसवलंच नाही, फक्त प्लॅस्टर घातलं. मृत्यूचं कारण वेगळं. कोर्टाला ते पटलं नाही. पुराव्यातून निघालं ते असं: पूर्ण भूल न देता, तीन मदतनिसांना घेऊन, जोर लावून पाय ओढला होता. त्या धक्क्याने मुलगा गेला. कर्तव्य, हयगय, इजा. तिन्ही.

दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1968 साली निकाल आईवडिलांच्या बाजूने कायम झाला. न्यायालयाने डॉक्टरची तीन कर्तव्यं सांगितली: रुग्ण हाती घ्यायचा का हे ठरवताना काळजी, कोणता उपचार करायचा हे ठरवताना काळजी, आणि तो करताना काळजी. अलौकिक कौशल्य कोणी मागत नाही. वाजवी कौशल्य हवं. भरपाई ठरली 3,000 रुपये, आणि ती कायम झाली मुलगा गेल्यावर 15 वर्षांनी. निकालाची ही पानं मी दर वेळी साडेसहापाशी थांबून वाचते.

आता वेळ थोडा उरलाय, म्हणून भरभर सांगते. पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा 1995 च्या निकालापासून ग्राहक कायद्याखाली येते, आणि तिथे तक्रारीची मुदत साधारण 2 वर्षं. जखमी माणसाचीही थोडी चूक असेल तर भरपाई त्या प्रमाणात कमी होते, पण दावा संपत नाही.

आणि त्या आजी? पडल्या त्याच दिवशी जिन्याचा फोटो काढायचा. लादी कोणी पुसली, कोणाच्या सांगण्यावरून, हे पाहणाऱ्याकडून तारखेसह लिहून घ्यायचं. डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं, रिक्षाच्या पावत्या एका फाइलमध्ये ठेवायच्या. रोजची कामं बंद पडली तेही लिहून ठेवायचं: भाजी आणणं, नातवाला शाळेत सोडणं. त्याचीही भरपाई मागता येते.

नमस्कार.