बारावीचा निकाल लागण्याआधी

पुण्याहून पौडच्या पुढे गेलं, की मुळशीच्या डोंगरावर महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज (युडब्ल्यूसी) लागतं. सुरू झालं १९९७ साली. देशोदेशींची मुलं इथे दोन वर्षं राहतात, आयबी डिप्लोमा, म्हणजे बारावीच्या तोडीचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम, करतात. त्यातली बरीचशी पुढे अमेरिकेची वाट धरतात. ती वाट इथून तशी मळलेली. अर्ज कसा भरायचा हे सांगणारे समुपदेशक कॉलेजातच. शिवाय २००० पासून डेव्हिस शिष्यवृत्ती आहे. युडब्ल्यूसीच्या गरजू मुलाला घेणाऱ्या ठरावीक अमेरिकी विद्यापीठांना तिच्यातून पैसे मिळतात.

आता याच तालुक्यातल्या एखाद्या ज्युनिअर कॉलेजची मुलगी डोळ्यांसमोर आणा. बोर्डात पहिली येईल अशी. तिला हार्वर्डला अर्ज करायचाय.

मुदत १ जानेवारी. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत. हार्वर्डचं उत्तर येतं मार्चअखेर, आणि बारावीचा निकाल मे महिन्यात! म्हणजे ज्या गुणांसाठी सगळं घर दोन वर्षं श्वास रोखून बसलेलं असतं, ते गुण निवडीच्या वेळी अस्तित्वातच नसतात.

मग बघतात काय? नववीपासूनची चार वर्षं. आणि इथे आपली खरी पंचाईत होते. नववी-दहावी एका शाळेत, अकरावी-बारावी दुसरीकडे. म्हणजे गुणपत्रिकांवर सही-शिक्क्यासाठी दोन ऑफिसांत खेटे. नववीच्या गुणांना आपल्याकडे कोण विचारतं? आणि अकरावी म्हणजे तर रेस्ट इयर.

त्याहून अवघड शिक्षकांची पत्रं. हार्वर्डला दोन शिक्षकांची लागतात, शाळेच्या समुपदेशकाचं वेगळं. समुपदेशक नसेल तर प्राचार्यांनी लिहायचं. वर्गात ही मुलगी काय विचारते, कुठे अडते, कशावर वाद घालते, असं काही त्यात हवं असतं. पण ‘इंटिग्रेटेड’च्या जमान्यात मुलांचं नाव कॉलेजात आणि बसणं क्लासमध्ये. कॉलेजच्या सरांनी तिला पाहिलेलंच नसतं. मग पत्र उतरतं ते दाखल्याच्या भाषेत: ‘सदर विद्यार्थिनी होतकरू असून तिची वर्तणूक समाधानकारक आहे.’ सरांचा दोष नाही. आजवर त्यांच्याकडे असं पत्र मागितलंय कुणी?

कॉमन ॲपवरचा, म्हणजे अनेक अमेरिकी विद्यापीठांना चालणाऱ्या एकाच ऑनलाइन अर्जातला, निबंध जास्तीत जास्त साडेसहाशे शब्दांचा. त्यावर लाखांची पॅकेजं विकणारे सल्लागार शहरोशहरी आहेत. सतरा वर्षांच्या पोराचा निबंध चाळिशीतल्या माणसाने लिहिल्यासारखा वाटला, तर त्या पॅकेजचा उपयोग काय, हे ज्याचं त्याने ठरवावं.

आणि पैसे. हार्वर्डचा वर्षाचा खर्च ८० हजार डॉलरच्या वर. तरीही हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट इथे परदेशी मुलाने मदत मागितली म्हणून त्याचा अर्ज मागे पडत नाही. निवड झाली, की घरच्या उत्पन्नाचा हिशोब करून लागेल तेवढी मदत देतात. स्टॅनफर्डचं तसं नाही. तिथे परदेशी अर्जदाराने मदत मागितली, तर निवड करताना तीही विचारात घेतात. अर्जात मदत नको म्हटलं आणि प्रवेश मिळाला, तर पुढची चारही वर्षं ती मागता येत नाही. हा रकाना पालक नीट वाचत नाहीत. निबंधाच्या सातव्या खर्ड्यावर वाद घालण्याआधी घरात बोलणं व्हायला हवं ते यावर.